कुलपाचं भाषांतर

त्याला सगळे कुलूप म्हणत, आणि ते काही त्याच्या धंद्यामुळे नाही. जिन्याखालच्या खोपटात बसून किल्ल्या करणाऱ्या माणसाला धंद्यावरून नाव ठेवायचं तर किल्ली म्हणाले असते. त्याचं तोंड सकाळी जे उघडायचं ते झोपेपर्यंत मिटायचं नाही, म्हणून कुण्या टवाळानं हे नाव ठेवलं आणि चिकटलं. बायकोसुद्धा चारचौघांत ‘आमचं कुलूप’ म्हणायची, आणि तोही ओ द्यायचा.

दुकान एवढंसं, की दोन गिऱ्हाइकं आत आली तर तिसऱ्यानं श्वास रस्त्यावर घ्यावा. भिंतीवर कोऱ्या किल्ल्यांच्या माळा, बाकावर लोखंडी पकड, तीन कानशी, एक दिवा. तिथे बसून तो जगातल्या कुठल्याही विषयावर बोलायचा. समोरच्या शिंप्याचा गुडघा, नळाला कमी दाबानं येणारं पाणी, दोन पायांवर चालायला लागल्यापासून माणसाची झालेली अधोगती. उचलली जीभ, लावली टाळ्याला. मात्र कुणाची किल्ली केली, कधी केली, कुठल्या दाराची केली, हे त्याच्या तोंडून आजवर बायकोलाही कळलं नव्हतं. हा धंदा त्याला सासऱ्यानं शिकवला, आणि मुलगी देण्याआधी तीन गोष्टी वदवून घेतल्या. मालक समोर असल्याशिवाय किल्ली करायची नाही. नमुना दाते बघण्यापुरताच उघडा, एरवी, कानस चालू असतानाही, फडक्याखाली. आणि जास्तीची किल्ली चुकूनसुद्धा आपल्याकडे ठेवायची नाही. सासरा म्हणायचा, “किल्ली उघड्यावर पडली की दार उघडंच आहे असं समज. बघणाऱ्याला दाते मोजता आले की झालं.”

तर अशा या दुकानात एक दिवस सिनेमा शिरला.

लांबच्या देशातून एक तरुण बाई आली होती. स्वखुशीनं, बिनपगारी, इथल्या पोरापोरींना सिनेमा शिकवायला. कुणी बोलावणं धाडलं नव्हतं, पण आली ती आली, आणि वाचनालयाच्या माडीवर वर्ग भरवू लागली. कुठलंही बोलणं ती ‘आपल्याकडे सहाच आठवडे आहेत’ इथून सुरू करायची, म्हणून तिचं नाव पडलं सहा-आठवडे. मनानं चांगली होती. फक्त आपण येईपर्यंत हे गाव अंधारात बसलं होतं, असा तिचा प्रामाणिक समज होता. वर्गात आठ जण, एक कॅमेरा, दोन तिवया आणि त्यातली एक लंगडी. कुलपाची एकोणीस वर्षांची मुलगी त्या आठांतली. पाहुणीची भाषा बरी येणारी ती एकटीच, त्यामुळे कॅमेरा धरायचा तिनं आणि दुभाषीपणही करायचं तिनंच.

विषय निघाला ‘हरवत चाललेले धंदे’. मुलीनं बापाचं नाव सुचवलं.

“हरवत चाललेला? अगं, मी सकाळपासून इथंच बसलोय!” कुलूप म्हणाला.

“बाबा, ते नुसतं म्हणायचं असतं.”

“मग म्हणा. पण गिऱ्हाईक आलं की बाजूला व्हा.”

पहिल्या दिवशी पाहुणीनं विचारलं, या कामाबद्दल तुम्हाला काय वाटतं? कुलूप खुलला. सासऱ्यापासून सुरुवात केली, पितळ आणि लोखंड यांच्या स्वभावात काय फरक असतो ते सांगितलं, मध्ये शिंप्याच्या गुडघ्याला जाऊन आला, आणि एकदाचा थांबला. मुलगी पाहुणीकडे वळून चार शब्द बोलली.

“एवढंच?”

“सार सांगितलं, बाबा.”

“माझ्या बोलण्यात सार कुठून आलं?”

पण पाहुणीला त्याचं बोलणं नकोच होतं. तिला हवा होता मूक, शहाणा आणि थोडा दुःखी कारागीर. त्यानं खिडकीतून लांबवर बघावं, असं तिचं म्हणणं. दुकानाला खिडकी नव्हती, म्हणून त्याला वाचनालयाच्या माडीवर नेऊन तिथल्या खिडकीशी उभं केलं. दुःखी दिसा म्हणाल्यावर त्यानं मेहुण्याचा विचार केला. चेहरा आपोआप उतरला. पाहुणी खूश झाली.

दुसऱ्या दिवशी दुकानात काम टिपायचं होतं, आणि अट एकच, तोंडातून आवाज काढायचा नाही. नेमकी त्याच वेळी नर्सबाई आली. ही गल्लीच्या टोकाला एकटी राहणारी, निवृत्त, जिभेची तिखट बाई. निम्म्या गल्लीला हिनं सुया टोचलेल्या, त्यामुळे सगळी गल्ली तिला वचकून. तिच्या घराच्या दोन किल्ल्यांपैकी एक गटारात पडली होती. कुलपानं उरलेली किल्ली नमुन्याला घेतली, कोरी पकडीत आवळली आणि कानस चालवायला लागला. मुलगी खाली फरशीवर पालथी पडून, चेहऱ्यावर लोखंडाचा भुगा झेलत टिपत होती. गप्प बसायचं काम त्याच्या अंगावर आलं होतं. सारं लक्ष ओठांवर. घाम फुटला, कानशिलं तापली, पण शब्द काढला नाही. आयुष्यात पहिल्यांदा तोंड मिटलं, आणि नमुन्यावर फडकं टाकायचं तेवढं राहून गेलं.

हे त्याच्या ध्यानात आलं पाचव्या आठवड्यात, माडीवर पडदे ओढून सगळ्यांना बारा मिनिटांचा सिनेमा दाखवला तेव्हा. मेहुण्याचं दुःख झालं, दुकान झालं, आणि मग पडदाभर किल्ली आली. दिव्याच्या उजेडात भुगा सोन्यासारखा उडतोय, मागे बापाचा अंगठा, आणि पुढे नर्सबाईच्या घराची किल्ली माणसाएवढी उभी. पोरांनी श्वास रोखला. कुलपाचाही अडकला, पण वेगळ्या कारणानं. त्यानं नकळत दाते वाचले. पाच. पहिले दोन खोल, तिसरा आखूड, चौथा तिरका, शेवटचा नखाएवढा. त्याच्या हातात कोरी किल्ली असती तर सिनेमा संपायच्या आत त्यानं घासून दिली असती. आणि कानस काही जगात त्याच्या एकट्याच्याच हातात नव्हती.

दिवे लागले. पाहुणी म्हणाली, याच चित्राचं मोठं पोस्टर करून गावभर लावू, आणि सिनेमा इंटरनेटवर टाकू. मुलीनं ते बापाला सांगितलं. तिचा चेहरा एवढा फुललेला त्यानं ती शाळेत पहिली आली तेव्हाही पाहिला नव्हता.

“तिला सांग,” कुलूप म्हणाला, “ते चित्र काढून टाकायला लागेल. ते चित्र नाही, ती नर्सबाईच्या दाराची किल्ली आहे. एकटी राहते ती. चूक माझी आहे, फडकं मी टाकलं नाही. पण लोक किल्ली माझ्या हातात देतात ते काय बघून देतात? पोस्टर लावणार म्हणे! चोराला घरपोच नमुना द्यायचा? वाटलं तर मी पुन्हा बसतो, कोरी किल्ली धरून बसतो, दिवसभर गप्प बसतो. पण हे जाऊ दे, सांग तिला.”

मुलीनं क्षणभर बापाकडे पाहिलं. मग पाहुणीकडे वळून तीन-चार शब्द बोलली.

पाहुणीनं दोन्ही हातांनी कुलपाचा हात धरला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मान हलवत ती हसत राहिली.

कुलपाला तिच्या भाषेतलं एक अक्षरही येत नव्हतं. पण ‘तुझं चित्र कापून टाक’ असं ऐकून जगातलं कुठलंच माणूस असं हसत नाही, एवढं त्याला कळत होतं. पोटच्या पोरीनं त्याचं बोलणं गिळलं होतं.

घरी जाताना ती भरभर बोलत होती. “बाबा, बाईंच्या देशात सिनेमाची शाळा आहे. अर्जासोबत स्वतः घेतलेला एकच शॉट मागतात. माझ्याकडे एकच आहे बाबा. परत घेतला तर तसा नाही येणार.”

“बरं,” कुलूप म्हणाला.

त्याला राग आला होता, सपाटून आला होता. आणि त्या रागाच्या बुडाशी अभिमानही होता, त्याचा त्याला आणखी राग आला. चित्र चांगलंच होतं, मेलं. तीस वर्षं तो तोच भुगा रोज पाहत होता, पण तो सोन्यासारखा उडतो हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, दाद कुणाकडे मागायची? जेवताना तो गप्प होता. बायकोनं कपाळाला हात लावून ताप पाहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान बंद करून, हत्यारांची पिशवी घेऊन तो नर्सबाईच्या दारात उभा राहिला.

“बाई, तुमचं कुलूप जरा बघतो म्हटलं. जुनं झालंय.”

“तूही जुना झालायस, तुला कुठं बदलतोय कुणी? काय झालं ते सांग.”

“काही नाही, आतल्या पट्ट्या झिजल्यात.”

“चाळीस वर्षं आजारी माणसं पाहिली मी. खोटं बोलणारा आधी उंबऱ्याकडे बघतो. बस तिथं.”

तो बसला आणि सगळं सांगितलं, फडक्यासकट. मुलीनं बोलणं गिळलं तेवढं मात्र सांगितलं नाही. झाकली मूठ. म्हणाला, “चूक माझी. नवीन कुलूप माझ्याकडून. पोरीच्या कानावर घालू नका.”

नर्सबाई म्हणाली, “तू ‘काढून टाक’ म्हणाला असशीलच. मग राहिलं कसं?”

कुलूप उंबऱ्याकडे बघायला लागला.

“बरं, लाव,” ती म्हणाली. “आणि दार घासू नकोस, रंग नवा आहे.”

सहाव्या आठवड्यात वाचनालयाच्या खालच्या दालनात सिनेमा लागला. बाहेर भिंतीवर पोस्टर, किल्ली दारापेक्षा उंच. अख्खी गल्ली आली होती. शिंपी गुडघा लांब करून बसला होता. नर्सबाईनं पहिल्या रांगेत मुलीला आपल्या शेजारी बसवून घेतलं. किल्ली पडद्यावर आली तेव्हा टाळ्या पडल्या, आणि टाळ्या चालू असतानाच नर्सबाईनं पर्समधून एक किल्ली काढून मुलीच्या तळहातावर ठेवली.

“ही ठेव तुला. आता कुठल्याच दाराला लागत नाही. तुझ्या बापानं परवा माझं कुलूप बदललं. उन्हात दोन तास बसला होता दाराशी.”

मुलीनं हातातली किल्ली पाहिली, पडद्यावरची पाहिली. मग मागे वळून बाप कुठे बसलाय ते शोधलं. तो शेवटच्या रांगेत, मान खाली घालून पिशवीच्या बंदाशी खेळत होता.

शेवटी पाहुणीनं त्याला पुढे बोलावलं. दोन शब्द बोलावेत अशी विनंती केली. लोकांनी कपाळावर हात मारून घेतला, कुणी घड्याळ पाहिलं, शिंपी तर उठून दारापर्यंत गेला. कुलूप मुलीच्या शेजारी उभा राहिला. घसा साफ केला.

“चित्र चांगलं काढलंय पोरीनं,” तो म्हणाला आणि थांबला.

शिंपी परत येऊन बसला.

मुलगी पाहुणीकडे वळली आणि बोलायला लागली. बोलतच राहिली. मध्येच तिनं मुठीतली किल्ली वर करून दाखवली, मध्येच नर्सबाईकडे बोट केलं. पाहुणीचं हसू मावळलं. तिनं बाहेरच्या पोस्टरच्या दिशेनं पाहिलं, मग कुलपाकडे पाहिलं, आणि या खेपेला त्याचा हात धरला नाही, नुसती मान खाली घातली.

कुलूप गोंधळून मुलीच्या कानाशी वाकला. “अगं, मी चार शब्द बोललो. तू एवढं काय सांगत बसलीस?”

“तुम्ही त्या दिवशी माडीवर बोललात ते,” ती म्हणाली. “सांगायचं राहिलं होतं.”