पणजोबांच्या शोधाचं वेळापत्रक

सौदी अरेबियात यान्बूच्या एका कारखान्यात मी प्लॅनिंग इंजिनिअर होतो. दुरुस्तीसाठी कारखाना अधूनमधून बंद ठेवावा लागतो, त्याला शटडाऊन म्हणतात. त्या दिवसांत कोणतं काम कोणी, कधी आणि किती तासांत करायचं याचं वेळापत्रक बनवणं ही माझी नोकरी. सौदीकरणाची, म्हणजे परदेशी माणसांच्या जागी सौदी माणसं नेमण्याची वर्षं होती. माझी खुर्ची ज्याला मिळणार होती तो सौदी तरुण माझ्याच शेजारी बसून काम शिकत होता. मॅनेजरनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, की तो परीक्षेत पास झाला तर माझा करार संपेल आणि नापास झाला तर एक वर्षाने वाढेल.

मी त्याला मनापासून शिकवलं. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. वडील जिनिंग मिलमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे. तालुक्याच्या शाळेतल्या मास्तरांनी शाळा सुटल्यावर थांबवून घेऊन गणित शिकवलं नसतं, तर मीही गाठीच उचलल्या असत्या. त्यामुळे शिकवण्यात हात आखडता घेणं मला जमलं नाही. पण घरी मुलगी नववीत होती, आणि तिचं दहावीचं वर्ष यान्बूतच पार पडावं असं आम्हा नवराबायकोला फार वाटत होतं. एकच वर्ष हवं होतं.

तो पहिल्याच आठवड्यात मला म्हणाला होता, की तुमची ओळख नीट करून द्या. त्याने स्वतःची करून दिली ती अशी: त्याचं नाव, बापाचं, आजाचं, पणजाचं, असं करत अकरा पिढ्या, मध्ये श्वास न घेता. मग माझी पाळी आली. मी आजोबांवर थांबलो. तो वाट पाहत राहिला. मी अजून आठवतोय असं त्याला वाटलं असावं. पणजोबांचं नाव मला माहीत नाही हे कळल्यावर त्याने मला खजूर दिले आणि दिवसभर तो माझ्याशी हळू आवाजात बोलला.

मी वडिलांना फोन केला. ते म्हणाले, नाव मलाही ठाऊक नाही; तुझे आजोबा लहानपणीच गाव सोडून आले, ते गाव जतकडचं होतं की मंगळवेढ्याकडचं की आटपाडीकडचं, ते कधी नीट बोलले नाहीत. पूर्वी बैलावर वंशावळीच्या वह्या लादून हेळवी यायचा. तो घरासमोर उभा राहून सगळ्या पिढ्या वाचून दाखवायचा. पण आजोबांनी गाव सोडलं आणि हेळव्याला आमचं नवं घर सापडलंच नाही.

त्या वर्षीच्या रजेत तिन्हीकडची गावं पालथी घालून पणजोबांचं नाव शोधायचं, असं मी ठरवलं. हे त्याला सांगितलं, तसा तो उठून उभाच राहिला. परीक्षेसाठी त्याला एका खऱ्या कामाचं वेळापत्रक सादर करायचं होतं, आणि कारखान्यातलं काम शिकाऊ माणसाच्या हाती द्यायला कोणी तयार नव्हतं. त्याने अर्ज केला. कामाचं स्वरूप लिहिलं: पणजोबा शोधणे. अर्ज मंजूर झाला. मला वाटतं, तो कोणी वाचलाच नव्हता.

पुढचे दोन महिने आम्ही माझ्या पूर्वजांचा शटडाऊन आखला. बोअरवेलसारखं आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा असं खोलवर जायचं होतं. हेळवी हा कंत्राटदार धरायचा की सल्लागार, यावर एक सकाळ गेली. त्याने हेळव्याचा बैल अवजड वाहनांत टाकला. सुरक्षेच्या रकान्यात "भावकी" असा धोका मीच लिहायला लावला, कारण जमिनीला वाटेकरी आला असं त्यांना वाटण्याची शक्यता होती. त्यावर उपाय म्हणून त्याने लिहिलं: हेल्मेट.

छापील तक्ता मी घरी नेला. बायकोने तो जमिनीवर पसरून वाचला. "अहो, माझ्या माहेराला शुक्रवार-शनिवार दिलेत, आणि त्या हेळव्याला तीन दिवस?" ती म्हणाली. "तो काय जेवायला घालणार आहे तुम्हाला?" मी म्हटलं, सुट्टीचे दोन दिवस मोकळे होते म्हणून तिथे टाकले. तिने तक्ता गुंडाळून माझ्या हातात दिला. तपासणाऱ्याच्या जागी मी सही केली.

परीक्षेला समोर मॅनेजर आणि मनुष्यबळ विभागाचे साहेब बसले होते. मी ग्राहक म्हणून कोपऱ्यात. त्याने छान मांडणी केली. साहेबांनी विचारलं, पणजोबा सापडलेच नाहीत तर? तो म्हणाला, पणजोबांचे भाऊ पर्यायी म्हणून ठेवलेले आहेत. साहेबांनी मान डोलावली.

मग पडद्यावर दुसरा आठवडा आला. रविवार, सकाळी दहा, तहसील कचेरी, रेकॉर्ड रूम. पुढचा रविवार, नक्कल घेणे. आमच्याकडे रविवारी तहसील कचेरीला कुलूप असतं. वेळापत्रकाने यान्बूचा आठवडा धरला होता, रविवार ते गुरुवार काम, शुक्रवार-शनिवार सुट्टी. आणि दोन महिन्यांत ते मला एकदाही दिसलं नव्हतं.

मॅनेजरनी मला विचारलं, "ग्राहकाला हे मान्य आहे?"

गप्प राहिलो तर तो पास होणार आणि माझा करार संपणार. बोललो तर तो नापास, आणि मला माझं वर्ष मिळणार. त्यामुळे खरं बोलणंच लबाडीसारखं दिसणार होतं. शेवटी बोललो, कारण वेळापत्रक चुकीचं होतं, आणि चुकीच्या वेळापत्रकाला मान्य म्हणायची मला सवय नव्हती.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "तुम्हाला हे आजच आठवलं?" त्यांनी विचारलं. "खाली सही तुमचीच आहे ना?"

मी काही म्हणायच्या आत तोच उठला.

"उस्ताद खोटं बोलत नाहीत," तो म्हणाला. "त्यांच्या खरंच लक्षात आलं नव्हतं. मागच्या रजेतही ते रविवारी बँकेत गेले होते आणि बंद शटरसमोर उभे राहिले होते. त्यांनीच मला सांगितलंय."

मॅनेजर माझ्याकडे वळले. "इथे किती वर्षं झाली तुम्हाला?"

"बारा."

"मग आता घरी जा," ते अगदी मायेने म्हणाले.

त्याला दहा मिनिटं देण्यात आली. त्याने तिथेच आठवडा बदलला, तहसील सोमवारी नेली, माझी सासुरवाडी रविवारी. तो पास झाला. मला घरी जायला सांगणं हीदेखील त्यांच्या मते माझ्यावरची कृपाच होती, आणि आजही तसं म्हणायची माझी तयारी आहे. मुलीने मात्र दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी तिने इंग्रजीत विचारलं की तिकडच्या शाळेला सुट्टी कधी असते. मी उत्तर देण्याआधी तिच्या आईला विचारून घेतलं.

शेवटच्या आठवड्यात तो लॅपटॉप घेऊन आला. माझी रजा आता रजा राहिली नव्हती, कायमचं जाणं झालं होतं. तक्त्यातली शेवटची ओळ होती: कामावर हजर होणे. ती त्याने माझ्यादेखत पुसली. ओळ गेल्यावर काम कधी संपणार हे यंत्र विचारू लागलं आणि तारखेशिवाय पुढे सरकेना.

"काय टाकू?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, नाव मिळेपर्यंत.

असं टाकता येत नाही, तो म्हणाला. खूप विचार करून त्याने दहा वर्षं पुढची तारीख टाकली, खाली माझी सही घेतली आणि मला तक्त्याची एक प्रत दिली.