नऊ दारांतली मावशी

मी खरं सांगितलं, तर कुणी मानलंच नाही. साहेबाने नाही, गल्लीने नाही, माझ्या नवऱ्यानेसुद्धा नाही! चौथी शिकलेली, चार घरची धुणीभांडी करणारी बाई. तिचं कोण ऐकतंय? पण आमच्या गल्लीचे किस्से म्हणजे खरकटी भांडी. एक घासून पालथं घालावं, तोवर मोरीत दोन पडलेली. आज बसलेच आहे, तर सगळी घासते.

*

योजना सांगायला साहेब माईक घेऊन आला. "मेट्रो स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर पक्कं घर! अनुदान सरकारचं, घर तुमचं!"

आमची गल्ली भाईंदर पूर्वेला, मेट्रोच्या पुलाला टेकून. स्टीलच्या कारखान्यात पॅकिंग करणारी भानुबेन उठली. "साहेब, पाच मिनिट कशाला? स्टेशन तो हमारे सर पे है! हम तो इधरच रहते हैं!"

साहेब म्हणाला, "ते राहणं नाही. ते अतिक्रमण आहे."

वीस वर्षं झाली. आम्हाला आपलं वाटायचं, आम्ही राहतोय!

*

मग फॉर्म. त्यात लिहून द्यायचं की आपलं कुठेही घर नाही. मी दिलं लिहून. खिडकीतला क्लार्क म्हणाला, "घर नाही, मग हा पत्ता कुणाचा?"

"माझा. तिथे राहते."

"म्हणजे घर आहे."

"नाही हो, पाडणार आहात ना ते!"

"मग पत्ता चालणार नाही."

असं पाच वेळा झालं. सहाव्या वेळी मी म्हटलं, "लिहा, भाऊ. मंदा, राहणार तुमच्या खिडकीसमोर. महिनाभर इथेच उभी आहे, शेजाऱ्यांना विचारा!"

मागची रांग हसली. क्लार्कने खिडकी लावून घेतली. जेवायची वेळ झाली होती म्हणे. सव्वाअकराला!

*

आता इंदूमावशी. गल्लीतलं पहिलं घर तिचं. एकटी बाई, पाय सुजलेले, कामाला जाणं होत नाही. आम्ही आठजणी सकाळी निघताना आपापली किल्ली तिच्या मांडीत टाकायचो. कारण सिलिंडरवाला अकराला येतो आणि दारात कुणी नसलं की तसाच परत जातो. मग मावशी कधी माझ्या दारात, कधी भानुबेनच्या. "हे घर कुणाचं?" "माझंच की! ठेव आत."

सर्व्हेवालेही अकरालाच आले. पहिल्या फेरीत आमच्या आठ दारांना कुलूप. वहीत लिहिलं, "बंद, कुणी राहत नाही." दुसरी फेरी होणार, पण कधी ते सांगेनात. खाडा किती दिवस करायचा? मीच मावशीला म्हटलं, "सर्व्हेवाले आले तर उभी राहा गं आमच्या दारात."

"त्यात काय सांगायचं? सिलिंडरला राहतेच ना!"

मावशी उभी राहिली. नऊ दारं, नऊ फोटो. दर फोटोला पदर नव्याने डोक्यावर घेतला. बोटं घासलेली, मशिनीत अंगठा उठेना, म्हणून नुसत्या फोटोवर भागवलं. संध्याकाळी आम्हाला म्हणते, "चांगली होती गं पोरं. मला हसायला सांगितलं!"

*

यादी लागली. खाली शेरा: एकाच बाईने नऊ खोल्या बळकावल्या, म्हणून सगळ्या गल्लीचं अनुदान थांबवलं!

आम्हा आठजणींना ऑफिसात बोलावलं. एकेकीला आत. प्रश्न एकच, "तुम्ही तिला किल्ली दिली होती का? दिली असेल, तर तुम्हीही सामील."

सात जणी "नाही" म्हणाल्या. भानुबेन तर म्हणाली, "हूं तो ओळखतच नथी!" तिच्या दोन्ही बाळंतपणांत शेकशेगडी मावशीने केलेली.

मी म्हटलं, "मी दिली. मीच सांगितलं उभी राहायला. माझं नाव लिहा."

साहेबाने फाईल चाळली. "तुमचा फोटो कुठाय?"

"माझा फोटो असता, तर हे झालं असतं का?"

"बाई, म्हातारीला वाचवायला खोटं बोलू नका."

आमची आठ घरं पुन्हा तपासून मंजूर झाली. नववं, मावशीचं, रद्द. तिला ते सांगायला कुणी धजलं नाही. घरी नवरा म्हणाला, "तू खरंच तिला सांगितलं होतंस? जा, उगाच मोठेपणा घेऊ नको."

दुसऱ्या दिवशी सिलिंडरचा वार. सकाळी सातही किल्ल्या मावशीच्या मांडीत!

तिने घेतल्या. मीही माझी ठेवली.

*

आता शेवटचा. मावशीला नोटीस येणार असं कळलं होतं, म्हणून त्या दिवशी मी मुद्दाम खाडा केला होता. अकराला ऑफिसचा माणूस आला. हातात कागद, खळीची बाटली. मावशीच्या दारावर त्याने नोटीस चिकटवली आणि मोबाइल काढला. "आजी, जरा बाजूला उभ्या राहा. नोटीस लावल्याचा फोटो लागतो."

मावशीला वाचता येत नाही. तिने पदर नव्याने डोक्यावर घेतला. किल्ल्या कमरेला खोचल्या. नोटिशीला खांदा लावून उभी राहिली आणि सांगितलं नसतानाही हसली.

माणूस गेला.

"मंदे, मोठी अक्षरं आहेत गं. लागलं वाटतं माझं घर! वाच ना."

मी बोट ठेवून वाचायला लागले. वरची 'अपात्र' लिहिलेली ओळ सोडली. खालची वाचली, तेवढंच तोंडातून निघालं.

"इंदुबाई गणपत खरात."