राणी रंगाचं पाणी

सुंदराबाईला कुणी गाव विचारलं, की ती आधी पारोळ्याजवळचं माहेर सांगे, मग सासर, आणि मधली बावीस वर्षं गिळून थेट पलसाण्याच्या वाडीवर येई. ती बावीस वर्षं नवागामच्या चाळीतल्या एका खोलीत गेली होती. भिंतीपलीकडे लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा खडखडाट, आणि नळावर रोजची अशी भांडणं, की सुंदराबाईचं तोंड तिथंच तयार झालं. नवरा सुकदेव लूमवर कामाला. प्लेगच्या साली सगळी चाळ मिळेल त्या गाडीनं गावाकडे पळाली, तसे हेही पळाले. परत आल्यावर खोलीचं कुलूप उघडताना मात्र तिचा हात अडला. "माले नही ऱ्हानं आते आठे," ती म्हणाली, आणि सहा महिन्यांत तिनं ते खरं करून दाखवलं.

वाडी काही त्यांची नव्हती. बारडोलीकडच्या एका पटेलांची होती. आंब्याची अकरा झाडं, दोन शेवगे, कौलारू घर आणि एक बांधीव विहीर. झाडं राखा, घरात राहा, भाजी लावा, ढोर बांधा, एवढीच बोली. पण सुंदराबाई तिथं अशा तोऱ्यात वावरायची, की पटेल आले तर तेच पाहुणे वाटायचे. एकदा तिनं त्यांना चपला बाहेर काढायला लावल्या होत्या, आणि त्यांनी निमूट काढल्याही होत्या.

उन्हाळा म्हणजे तिचं राज्य. पहाटे काजळी म्हशीची धार, मग गवारीला आणि भेंडीला पाणी, ऊन चढायच्या आत खाटेवर कुरडया, दुपारी आंब्याखाली कैऱ्या चिरत बसणं, आणि हे सगळं करताना सुकदेवला सूचना. सुकदेवची छाती कापसाच्या धुळीनं कमजोर झालेली, त्यामुळे त्याच्याकडे बसून करायची कामं होती. ती तो मनापासून करी. चैत्रात विहिरीचं पाणी खाली गेलं आणि दोरी पुरेना, तेव्हा त्यानं चिंध्या वळून तिला चार हात जोड दिला. चिंध्या घरच्याच होत्या. मुलगा धर्मेंद्र हायवेवरच्या एका डाइंगमध्ये, कापड रंगवण्याच्या कारखान्यात कामाला होता, त्यानं गोधडीत भरायला गाठोडंभर आणल्या होत्या. पुढं वैशाखात सुकदेवनं खाटेची सुंभं आवळली, काजळीचा खुंटा बदलला, बादलीकडचं टोक कुजलं म्हणून दोरी उलटी करून बांधली, आणि त्याच संध्याकाळी कोंबड्यांच्या खुराड्याला दार बसवलं. प्रत्येक कामानंतर तो बायकोकडे कौतुकासाठी बघे, आणि ती मुद्दाम दुसरीकडे बघे.

एकच भीती तिच्या पोटात कायमची होती. वाडीवरून डाइंगची धुराडी दिसायची, आणि त्यांचं रंगाचं पाणी कधीतरी जमिनीतून आपल्या विहिरीत उतरेल, असं सगळेच म्हणायचे. म्हणून रोज सकाळी पहिल्या बादलीतलं पाणी ती ओंजळीत धरून न्याहाळायची आणि मगच कामाला लागायची.

आणि खुराड्याला दार बसलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी, परातीत ज्वारीचं पीठ भिजवताना तिला पीठ गुलाबी दिसलं. त्या दिवशी नेमकी काजळी सुटली होती म्हणून पाणी बघायचं राहून गेलं होतं. तिनं बादली उजेडात आणली. पाणी फिकट राणी रंगाचं होतं.

"अहो," ती ओरडली, "हाई पानी दखा!"

सुकदेवनं बघितलं आणि तो विहिरीच्या काठावरच बसला. "डाइंगनं पानी हिरमा उतरनं," तो म्हणाला. "आते काय ऱ्हायनं आठे?"

वरून वाकून बघितलं तर विहिरीचा तळ नेहमीसारखाच काळा. संध्याकाळी धर्मेंद्र पाळी संपवून आला. त्यानं पाणी चिमटीत चोळलं, नाकाला लावलं आणि मान खाली घातली. "माय, हाऊ रंगच शे. आमना तठे हाऊच चालस." कारखान्यात कामाला असलेल्या पोरानंच सांगितल्यावर शंकेला जागा उरली नाही. ज्या कारखान्याची भाकरी आपण खातो, त्यानंच आपली विहीर नासवली, असं धर्मेंद्रला वाटलं आणि त्या रात्री तो जेवला नाही.

चार दिवस सुंदराबाईनं अर्ध्या कोसावरून दोन-दोन हंडे पाणी वाहिलं. माणसांचं त्यात भागलं, पण काजळीचं कसं भागणार? भर वैशाखात म्हशीला प्यायलाच एवढं पाणी लागतं, की माणसाची मान मोडावी. अंगावर ओतायचं तर नावच नको. गवार माना टाकू लागली. सुंदराबाई रोज सकाळी विहिरीतून एक बादली काढून बघे. रोज तोच रंग. मग ती ते पाणी आंब्याच्या बुंध्यापासून लांब नेऊन ओती आणि कुणाला दिसू नये म्हणून पदर डोळ्यांना लावी. तिला रडताना बघणं सुकदेवच्या सवयीचं नव्हतं. तिसऱ्या दिवशी तोच म्हणाला, "नवागामले जाऊत परत." आणि जन्मात पहिल्यांदा तिनं त्याला उलट उत्तर दिलं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी टेम्पो सांगितला होता. विकलेली म्हैस न्यायला पंडित आला. ढोरांचा व्यापारी, पण खानदेशाकडचाच, तोंडओळखीचा. सुंदराबाईनं उठल्या उठल्या शेवटची बादली काढून बघितली होती. रंग तसाच. सुकदेवनं मग विहिरीवरची ओली दोरी सोडली आणि गाद्या-गोधड्यांचं गाठोडं त्याच दोरीनं आवळून ओट्यावर ठेवलं.

पंडितनं काजळीच्या गळ्यात दावं घातलं, तशी सुंदराबाई पुढं आली. कपाळाला हळदकुंकू लावलं, भाकरीचा तुकडा दिला.

"चला भाभी, ऊन चढी राह्यनं," पंडित म्हणाला.

"थांबा पंडितभाऊ. घरनं जनावर शे. पायवर पानी टाक्याबिगर कशी धाडू?"

हंड्यातलं पाणी तर संपलं होतं. पायांवर घालायला रंगाचं चालेल, असं तिनं मनाशी ठरवलं. पण दोरी गाठोड्याला. गाठी सोडायला सुकदेव तयार होईना. शेवटी पंडितनंच सायकलीवरची तीन दावी एकमेकांना बांधून दिली. सुंदराबाईनं बादली सोडली, ओढली, काठावर ठेवली आणि तशीच उभी राहिली.

पाणी स्वच्छ होतं. बादलीच्या तळाचा गंजाचा ठिपकासुद्धा दिसत होता.

तिनं ओतून दुसरी काढली. तीही स्वच्छ. सकाळी रंगाचं, आणि दोन तासांत निवळ? तिनं सुकदेवला हाक मारायला मान वळवली आणि तिचं लक्ष ओट्यावर गेलं. गाठोड्यावरची पांढरी चादर जिथं जिथं दोरीखाली आवळली होती, तिथं तिथं राणी रंगाचे जाड पट्टे उमटले होते. चिंध्यांच्या जोडाखाली सगळ्यात गडद.

महिनाभर तो जोड वरच्या, हाताकडच्या कोरड्या टोकाला होता. दोरी उलटी केली आणि तो बादलीबरोबर पाण्यात जाऊ लागला.

"अहो! हिर नही बिघडनी! तुमनी दोरी शे ती, दोरी!"

सुकदेव चिडला. "बावीस वरीस लूमवर काढात. तू माले कपडा शिकाडस?" पण लूमवर जन्मभर त्यानं कोरं कापडच विणलं होतं. रंग चढतो कसा आणि उतरतो कसा, हे त्याला ठाऊक असायचं कारणच नव्हतं. ज्याला ठाऊक होतं तो धर्मेंद्र टेम्पो घेऊन आला, चादर बघितली आणि कपाळावर हात मारला. छापलेल्या कापडाला वाफ दिल्याशिवाय रंग धरत नाही, आणि त्या चिंध्या वाफेवर गेल्याच नव्हत्या. "आधी धुई घेजो, असं सांगं व्हतं ना माय मी!" त्यानं सांगितलं होतं. सुंदराबाईनं ऐकलंही होतं. पण गोधडी पावसाळ्यात शिवायची, म्हणून धुणं तेव्हावर टाकलं होतं.

तिचा जीव भांड्यात पडला. इतका, की ती तिथंच मातीत बसून हसायला लागली आणि हसता हसता रडली. बादलीला तोंड लावून पोटभर पाणी प्यायली, उरलेलं धर्मेंद्रच्या डोक्यावर ओतलं. पंडित आपली दावी परत मागत कुरकुरला, पण ताकाचा दुसरा तांब्या पुढं आल्यावर गप्प झाला.

मग तिनं नवी बादली भरली. काजळीला वाडीच्या झाप्याबाहेर, फाटकापलीकडे नेलं आणि तोंड घराकडे करून उभं केलं. नवं जनावर घरी आणतात तेव्हाही पायांवर पाणी घालतातच. चारही पायांवर पाणी घालून तिनं म्हशीला आत घेतलं.

बादलीत अजून पाणी होतं. सुकदेव ओट्यावर खाली मान घालून गाठोड्याच्या गाठी सोडत होता.

"तुम्हीबी या भाईर," ती म्हणाली.

तो आला. झाप्याबाहेर जाऊन घराकडे तोंड करून उभा राहिला. तिनं उरलेलं पाणी त्याच्या पायांवर ओतलं आणि बाजूला होऊन त्याला वाट दिली.