दुसरा धडा कधी?

क्लासमधून घरी आले की मी मैत्रिणींच्या ग्रुपवर व्हॉइस नोट टाकते, आज काय झालं त्याची. आधी पोरी हसायच्या. मग नोटची लांबी बघूनच पळायला लागल्या. परवा एकीने लिहिलं, "बाई, एवढी चिडतेस तर लिहून काढ. आमचे इयरफोन तापतात!" म्हणून लिहितेय. साठलंय पण तेवढं!

आमचा क्लास पनवेलला, एसटी स्टँडच्या मागे. खाली मोबाईल रिपेअरवाला, वर आम्ही. मी पायथन शिकवते. मालकांना सगळे 'सर' म्हणतात. ते फक्त ॲडमिशन घेतात.

*

रोडपालीचे एक काका मुलासाठी चौकशीला आले.

"मॅडम, सगळ्यात भारी लँग्वेज कुठली?"

म्हटलं, "काका, त्याला काय बनवायचंय त्यावर आहे. गेम, वेबसाइट..."

"ते सोडा हो. आमच्या शेजारच्यांच्या पोराने पायथन घेतलंय. आम्हाला त्याच्या वरची दाखवा!"

साडीचं दुकान आहे का हे? तरी गोड आवाजात सांगितलं, "वरची-खालची असं नसतं काका. नवीन मुलांना पायथन सोपी पडते, तीच घ्या."

"शेजारच्यांचीच? मग आमची इज्जत काय राहिली?"

तेवढ्यात सर केबिनमधून धावत आले. "काका, जावा घ्या, जावा! एकदम वजनदार. रविवारी डेमोला या, सगळं दाखवतो."

काका गेल्यावर मी म्हटलं, "सर, जावा शिकवणारं आपल्याकडे कोणीच नाहीये!"

"ॲडमिशन होऊ दे. माणूस मिळतो!"

*

आता माझ्या बॅचमधली वैजूताई. उरणच्या कोळीवाड्यातली. एका कंटेनर यार्डात डेटा एंट्री करते. तिथे नवीन सॉफ्टवेअर येतंय, म्हणजे डेटा एंट्रीच्या खुर्च्या जाणार. साहेबांनी सांगितलंय, जो स्वतः प्रोग्राम लिहून रिपोर्ट काढून दाखवेल, त्याला आयटीत घेऊ. बाकीच्यांनी घरी बसायचं.

तिला फार काही नको होतं. यार्डाची फाइल प्रोग्रामने उघडायची आणि त्यातले बरेच दिवस पडून राहिलेले कंटेनर वेगळे काढायचे. बस!

पण आमच्या क्लासची एक पद्धत आहे. नवीन ॲडमिशन आली की सर तिला चालू बॅचमध्येच बसवतात आणि दारातून ओरडतात, "मॅडम, बेसिकपासून घ्या हं! नवीन मुलांना वाईट वाटायला नको!"

की सगळी बॅच परत पहिल्या धड्यावर. स्क्रीनवर 'हॅलो' छापा. गणपती झाले, दिवाळी झाली, आमची बॅच हॅलोवरच! जुन्यांना वाईट वाटतं त्याचं काय? ते कोणी विचारायचंच नाही.

ताई एकदा म्हणाली, "मॅडम, आमी त्या कंप्युटरला इतक्यांदा हॅलो केलाय ना, आमच्यात येवढ्यात सोयरीक झाली असती!"

*

सरांच्या नोट्स हा आणखी एक ताप. झेरॉक्सची झेरॉक्स. त्यात पायथनचं जुनं व्हर्जन, प्रिंट लिहिलं की पुढे कंसच नाहीत, आणि आताच्या व्हर्जनला ते लागतातच. मुलं बघून बघून टाइप करतात आणि एरर. परत टाइप करतात, परत एरर. एक पोरगी रडायला आली, तिला वाटलं आपल्यालाच डोकं नाही!

मी तणतणत केबिनमध्ये गेले. "सर, व्हर्जन बदललंय. नोट्स बदला."

"लँग्वेज कधी बदलते का मॅडम? मराठी बदलली का?"

"मग निदान मुलांना सांगते, पायथनच्या स्वतःच्या वेबसाइटवर सगळं आहे, तिथे वाचा. फुकट आहे."

सर खुर्चीतून उठलेच. "फुकट हा शब्द या मजल्यावर काढायचा नाही!"

*

ताईचा दीर खारघरला इंजिनियर आहे. एकदा तिला न्यायला आला आणि माझ्यासमोरच तिला झापायला लागला.

"वहिनी, पायथनने कोणी सुरुवात करतं का? आधी सी लँग्वेज कर. पाया पक्का नको? मी पाठवलेल्या प्लेलिस्ट बघितल्यास?"

ताई म्हणाली, "भावजी, त्या बघंपर्यंत मी रिटायर व्हईन. आमच्यात पोराला पवायला शिकवायचा तर पाण्यात सोडतान. खाडी कशी तयार झाली ते नाय सांगत बसत!"

माझंही डोकं फिरलं होतं. विचारलं, "तुम्ही ऑफिसात सी वापरता का हो?"

"मी? नाही. आमचं सगळं एक्सेलवर असतं."

*

शेवटी मी ठरवलं, गेला सिलॅबस खड्ड्यात! ताई उरणच्या बसची वाट बघत स्टँडवर बसायची, मी शेजारी लॅपटॉप उघडून बसायचे. इफ झालं, लूप झालं. कंटेनर नंबरच घ्यायचो आम्ही उदाहरणाला. ती असली भराभर पुढे गेली म्हणून सांगू! दोन बस सोडायची पण उठायची नाही. फक्त फाइल उघडायची राहिली होती.

आणि कोणीतरी सरांना सांगितलं.

"मॅडम, तुम्ही सिलॅबस फोडलात!"

जशी काही बोर्डाची प्रश्नपत्रिकाच!

"सर, सोमवारी तिचा इंटरव्ह्यू आहे. तिची नोकरी जाईल!"

"बॅचच्या पुढे कोणी जायचं नाही. परत स्टँडवर दिसलात तर तुमची जाईल!"

*

रविवारी डेमो. हॉल पालकांनी भरलेला, मोठा प्रोजेक्टर, रोडपालीचे काका पुढच्याच रांगेत. मला ताकीद होती, हॅलो दाखवा आणि खाली बसा. सरांनी वैजूताईला 'आमच्या सीनियर विद्यार्थिनी' म्हणून स्टेजवर बोलावलं आणि तिच्या हातात माइक दिला.

काकांनी लगेच विचारलं, "ताई, पहिली लँग्वेज कुठली घ्यावी?"

"कुटलीपन घ्या. पयला धडा हितं लय भारी शिकवतान. माज्यायेवढ्यांदा तो कोनी शिकला नसंल!"

टाळ्या! सरांनी हसून मान डोलावली.

"फकस्त सरांना आताच इचारून घ्या, दुसरा कवा हाय? माजा उद्या इंटरव्ह्यू हाय."

टाळ्या बंद. काका उठून उभे राहिले. "खरंच सर, दुसरा कधी?"

सरांनी घाम पुसला आणि चूक केली. म्हणाले, "ते... ते मॅडम सांगतील."

मी म्हटलं, "आत्ता!"

फळ्यावरचं हॅलो पुसलं. फाइल कशी उघडायची ते लिहून समजावलं. ताईने पेनड्राइव्ह लावला, यार्डाची सरावाची फाइल होती त्यात. टाइप करायला बसली. सर बाजूला उभे राहून मला डोळ्यांनी खात होते, पण एवढ्या पालकांसमोर बोलतात काय!

रन केलं. एरर. ताईने पदर खोचला, ओळ परत वाचली, फाइलचं नाव नीट केलं, परत रन केलं.

आणि पडद्यावर कंटेनर उतरायला लागले. एकाखाली एक, नंबर, पुढे पडून असल्याचे दिवस. सरसर सरसर!

ताई पडद्याकडे बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, "मॅडम, ह्यो माजा रिपोर्ट."

काका एव्हाना स्टेजपाशीच येऊन उभे होते. माझ्याकडे वाकून हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, ही बघा! ही पायथनच्या वरची दिसतेय. आमच्या पोराला हीच द्या. आणि शेजारच्यांना सांगू नका!"