मोडलेल्या पलटणीचा माणूस

लष्कराच्या प्रशिक्षण केंद्राच्या वर्धापनदिनी एक रीत आहे. ज्या जुन्या पलटणी जोडून हे केंद्र उभं राहिलं, त्यांची नावं माइकवरून पुकारतात. नाव आलं की त्या पलटणीचे म्हातारे उभे राहतात, टाळ्या घेतात आणि बसतात.

आमच्या गल्लीतले हवालदार तात्या मात्र प्रत्येक नावाला काठीवर भार देऊन उठत होते.

"अहो मामा, एक काय ती पलटण ठरवा की!" मागून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला.

तात्या वळले नाहीत. मला हळूच म्हणाले, "आमची पलटण मोडली तेव्हा आमची पोरं या सगळ्यांत वाटून टाकली रे. कुठल्या नावाला बसून राहू, सांग."

त्यांच्या पलटणीचं नाव पुकारतच नाहीत. ते पुकारा, म्हणून मी दरवर्षी पत्रकं छापतो. 'इतिहासाची चोरी थांबवा!' साहेबलोक हसून घडी घालतात, खिशात ठेवतात. आजही पिशवीत गठ्ठा होता, पण वाटायला हात उचलवेना. टिकले ते पूर्वज म्हणून मिरवतात, मोडले ते कुणाचेच नसतात. एवढी उघड गोष्ट किती वर्षं ओरडून सांगायची?

पुढचं नाव आलं. तात्यांनी काठी रोवली, जोर लावला, पण या खेपेला गुडघे उठेनात.

"तू ऊठ," ते म्हणाले.

मी कधी वर्दी घातलेली नाही. तरी उठलो. मागे पुन्हा हशा झाला. टाळ्या संपल्या, सगळे बसले. मी बसलो नाही.