हुमणातील तुकडा कोणाचा?

प्रश्न असा होता : ज्या घरात आठवड्यातून चार दिवस मासळी शिजते, त्या घरातील गृहिणीला बी-बारा जीवनसत्त्व कमी कसे पडते?

तो मला सोडवावा लागला, कारण ती गृहिणी माझी पत्नी. गोव्यात, आमोणे गावी आमच्या अंगणात तिची एक चप्पल निसटली आणि ती तशीच विहिरीपर्यंत चालत गेली. तिला कळलेच नाही. तळवे बरेच दिवस बधिर होते, हे तिने कोणाला सांगितले नव्हते.

डिचोलीच्या डॉक्टरांनी रक्ताचा अहवाल पाहून विचारले, "काकी, तुम्ही शिवराक?"

शाकाहारी म्हटल्याचा तिला बधिरपणापेक्षा अधिक राग आला. "आमी? नुस्त्याबगर ह्यांका शीत गिळना," ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. मासळीवाचून मला भात उतरत नाही, हे खरेच होते.

"मी ह्यांचं रक्त तपासलेलं नाही, काकी."

त्यांनी इंजेक्शने लिहून दिली आणि बजावले की, उशीर झाला तर नसांची इजा कायम राहू शकते. वयाने, काही औषधांनीही हे जीवनसत्त्व अंगी कमी लागते. पण आधी आहार पाहा.

मी शाळेत वर्षानुवर्षे फळ्यावर बी-बारासमोर 'मासे, अंडी, दूध' असे लिहून निर्धास्त होत असे. आता वहीत रकाने आखले : तारीख, मासळी, कोणाच्या ताटात.

"तुमी जेवतात काय हजेरी घेतात?" तिने वाढता वाढता विचारले.

सोमवार, गुरुवार, शनिवार वर्ज्य. संकष्टी, एकादशी वेगळ्या. उरलेल्या दिवशी एक तुकडा मोपाच्या विमानतळावर कामाला जाणाऱ्या मुलाच्या डब्यात, बाकीचे माझ्याकडे. ती सर्वांच्या शेवटी बसे, तेव्हा भांड्यात हुमण असे, बांगडा नसे. त्या रश्श्याच्या वासावर ती स्वतःला मासे खाणारी समजत होती. मीही तेच समजत होतो. अंडे तिला आवडत नाही, दूध चहात चमचाभर.

महिनाअखेरीस मी निष्कर्ष वाचून दाखवला.

"एक रकानो रावलो," ती म्हणाली. "दुसरो तुकडो कोणे मागलो, तो."

मी तो राहिलेला रकानाही आखला. त्यात एकाच माणसाची उपस्थिती लागली, आणि ती पूर्ण होती.

आता ती आमच्याबरोबर बसते आणि पहिला तुकडा तिच्या ताटात पडतो. इंजेक्शनांनंतर तिच्या तळव्यांना लादीचा गारवा कळू लागला आहे. डाव्या अंगठ्याचे अजून सांगता येत नाही.

वाचकांनी माझ्या वहीवर विसंबू नये. आपल्या घरी रांधणाऱ्या व्यक्तीच्या ताटात काय पडते, ते आठवडाभर स्वतः पाहावे.