नखभर हिरवं

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी चितेगावच्या आमच्या कारखान्यात खांबांची वजनं घेत होते. उरलेले चार खांब काट्यावर चढवले, आकडे लिहिले आणि मगच निघाले. मोठा भाऊ होता माझा. चौदाव्यापर्यंत ‘सच्चा माणूस, धडाडीचा माणूस’ हेच ऐकत होते... ऐकून घेतलं. आता मी लिहिते.

लाकूड वाळवीपासून वाचवायचं, हे आमचं काम. खांब लोखंडी टाकीत भरायचे, झाकण आवळायचं, पंपानं हवा ओढून घ्यायची, मग हिरवं औषध सोडून दाब द्यायचा. पण लाकूड वाळलेलं हवं. ओल्या लाकडात पाणीच ठासून भरलेलं असतं. औषध जाणार कुठं? वरून नखभर हिरवं दिसतं, आत कोरं. म्हणून मी वही ठेवते. वजन घटायचं थांबेपर्यंत खांब टाकीत जात नाही. दादाला त्या वहीचा भारी राग. “गिऱ्हाईक रंग बघतं गं, वही नाय,” म्हणायचा आणि माझी पाठ फिरली की ओला माल भरून मोकळा व्हायचा. आपल्याकडे अशा आळसाला धडाडी म्हणतात.

पाचोडकडच्या बिरूमामा धनगरांनी मेंढ्यांच्या कुंपणाला आमचे खांब नेले. दोन वर्षांत बारा खांब जमिनीलगत मोडले, कुत्री आत शिरली, सात मेंढ्या फाडल्या. मामा मोडका बुंधा खांद्यावर घेऊन आले. दादा खुर्चीतून उठलासुद्धा नाही.

“तुमची मातीच खराब हाय.”

“माती आज्याच्या टायमापासून तीच हाय, साहेब. खांब तेवढे तुमचे.”

दादा हसला आणि चहा पाजून त्यानं मामांना वाटेला लावलं. मी तिथंच उभी होते. गप्प राहिले, हेही लिहायलाच हवं.

त्याला कळत नाही, असं मी इतकी वर्षं समजत होते. मागच्या आठवड्यात त्याच्या बंगल्यापुढच्या जुईच्या मांडवाच्या खांबाला गिरमिटानं भोक पाडून पाहिलं. भुसा हिरवा, आणखी आत हिरवाच, थेट तांबूस गाभ्यापर्यंत. गाभा तर औषध पीतच नाही. स्वतःचे खांब त्यानं पुरते वाळवून भरले होते. म्हणजे कळत होतं... सगळं कळत होतं.

कुंपणाला खांब देते, असा मी बिरूमामांना फोन केला आणि मांडवाचे खांब उपटायला माणसं घेऊन बंगल्यावर गेले. वहिनी दारात आली.

“ताई, तेवढीच आठवण राहिली हो त्यांची.”

“म्हणूनच काढतेय, वहिनी.”

 ती पदर खोचून पायऱ्या उतरली.

“थांबा. जुई आधी सोडवून घेते.”